मेकॅनिकलसोबत कॉम्प्युटरचं डबल मेजर: नागपुरात शक्य आहे का, आणि करावं का?

तिसरं_सेम

नमस्कार. हिंगणा रोडवरच्या एका स्वायत्त कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिसरं सेमिस्टर नुकतंच सुरू झालंय. पहिल्या वर्षाचा सीजीपीए ८.१, बॅकलॉग नाही. अमेरिकेत शिकणारा मावसभाऊ मेकॅनिकल आणि कॉम्प्युटर सायन्स असं डबल मेजर, म्हणजे एकाच पदवीत दोन पूर्ण मुख्य शाखा, करतोय, त्यावरून डोक्यात आलं. आमच्या फॉर्मवर मल्टिडिसिप्लिनरी मायनर, ऑनर्स आणि डबल मायनर असे शब्द आहेत, डबल मेजर कुठेच नाही. फॉर्म पुढच्या शुक्रवारपर्यंत द्यायचाय.

कोडिंग आवडतं, पण मेकॅनिकल सोडायचं नाही. बाबांचं म्हणणं, सरकारी भरतीचा दरवाजा बंद होईल असं काही करू नको. इथे डबल मेजरसारखं काही करता येतं का? येत असेल तर कोणती जोडी घ्यावी? आणि नोकरीच्या वेळी त्याला खरंच कोणी विचारतं का?

क्रेडिटवाला

डबल मेजर तुझ्या फॉर्मवर का नाही, ते क्रेडिटचा, म्हणजे विषयाच्या तासांवरून ठरणाऱ्या अंकांचा, हिशेब मांडला की लगेच कळतं.

राज्याच्या नव्या शैक्षणिक धोरणानुसारच्या चौकटीत चार वर्षांची इंजिनिअरिंग पदवी १६० ते १७६ क्रेडिटची आहे. त्यात प्रोग्राम कोअर ४४ ते ५६ आणि प्रोग्राम इलेक्टिव्ह २०. म्हणजे ज्याला ‘मेकॅनिकल’ म्हणायचं तो गाभा ६४ ते ७६ क्रेडिटचा. बाकी सगळं, म्हणजे गणित-फिजिक्स, ग्राफिक्स, ओपन इलेक्टिव्ह, भाषा, भारतीय ज्ञानप्रणाली, १२ क्रेडिटची इंटर्नशिप, हे कोणत्याही शाखेत कमी-जास्त सारखंच. दुसरं पूर्ण मेजर हवं असेल तर कॉम्प्युटरचे ६४ ते ७६ क्रेडिट वरून आणावे लागतील. सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट धरले तर ती तीन ते साडेतीन सेमिस्टर झाली. चार वर्षांत ते बसतच नाही. कानपूरच्या आयआयटीत दुसरं मेजर घेता येतं, पण तिथेही त्यासाठी मुक्काम वाढवावा लागतो. मावसभावाकडे उन्हाळी सत्रं असतील आणि काही कोर्स दोन्ही मेजरमध्ये मोजायची सोय असेल. तरी इंजिनिअरिंगच्या जोडीला तिथेही बहुधा एखादं सेमिस्टर जास्त लागतं. त्याला विचार.

आता फॉर्मवर काय आहे ते. मायनर म्हणजे मुख्य शाखेच्या जोडीला दुसऱ्या शाखेचे थोडे विषय. मल्टिडिसिप्लिनरी मायनर म्हणजे एमडीएम, १४ क्रेडिट. हे सक्तीचं आहे आणि १६०-१७६ च्या आतच आहे. म्हणजे एक पैसा जास्त न देता, एक तास जास्त न बसता, दुसऱ्या शाखेचे १४ क्रेडिट तुला मिळणारच आहेत. मुलं हा पर्याय ‘कुठला सोपा’ म्हणून भरून मोकळी होतात आणि मग वरून पैसे मोजून दुसरं मायनर घेतात. उलटं कर. आधी एमडीएमची यादी नीट वाच.

ऑनर्स म्हणजे स्वतःच्याच शाखेत १८ ते २० जादा क्रेडिट. डबल मायनर म्हणजे एमडीएम तर आहेच, शिवाय आणखी एका स्पेशलायझेशनचे १८ ते २० जादा. दोन्हीत पदवीची बेरीज १८० ते १९४ वर जाते.

एमडीएम आणि जादा मायनर दोन्ही कॉम्प्युटरकडचंच घेतलंस तर ३२ ते ३४ क्रेडिट होतात. पूर्ण मेजरच्या जवळपास निम्मं. नागपुरात बसून डबल मेजरच्या याहून जवळ जाता येणार नाही. पण दोन्ही बास्केट, म्हणजे विषयांचे गट, एकाच विभागाचे घ्यायला कॉलेज परवानगी देतं का, आणि दोन्हीत तेच विषय पुन्हा येत नाहीत ना, हे फॉर्म भरायच्या आधी लेखी विचार. एकच कोर्स दोनदा मोजत नाहीत.

बुटीबोरी_शिफ्ट

भाऊ, एक गोष्ट सांगतो. जे शिकायला लॅब लागते ते कॉलेजातून घे. जे लॅपटॉपवर शिकता येते त्यासाठी क्रेडिट कायले खर्च करतो?

पायथन, डेटा स्ट्रक्चर, एसक्यूएल घरी बसून येते आणि आलं की नाही ते कोणीही दहा मिनिटांत तपासून घेते. पण पीएलसी पॅनल (मशीन चालवणारा कंट्रोलर), व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), ऑसिलोस्कोप, सर्व्हो ड्राइव्ह घरी कुठून आणशील? एमडीएममध्ये इलेक्ट्रॉनिक्स, इन्स्ट्रुमेंटेशन, मेकॅट्रॉनिक्स असं काही असेल तर डोळे मिटून ते घे. बुटीबोरी असो की हिंगणा एमआयडीसी, मेंटेनन्सच्या माणसाला मशीन बंद पडली की आधी हेच ठरवावं लागते, बेअरिंग गेलं का सेन्सर. सेन्सरचा सिग्नल नेणाऱ्या ४ ते २० मिलिअँपिअरच्या लूपमध्ये मल्टिमीटर मालिकेत लावायचा की समांतर, हे ज्या मेकॅनिकलवाल्याला ठाऊक राहते त्याला दुसऱ्या कोणाची वाट पाहावी लागत नाही. शून्य मिलिअँपिअर दिसलं तर वायर तुटली किंवा सप्लाय गेला, ४ दिसलं तर सिग्नल खरंच शून्यावर आहे. एवढ्या फरकावर शिफ्टचा अर्धा तास वाचते.

मेकॅनिकल सोडायचं नाही म्हणतो ना? मग ही जोडी.

क्रेडिटवाला

लॅबचा मुद्दा पटला. फक्त एक पाहून घ्यावं: त्या एमडीएमच्या १४ क्रेडिटमध्ये प्रात्यक्षिक किती? दोन तासांचं प्रात्यक्षिक म्हणजे १ क्रेडिट. अभ्यासक्रमाच्या तक्त्यात एल-टी-पी, म्हणजे लेक्चर, ट्युटोरियल, प्रॅक्टिकल, असे तीन रकाने असतात. पी च्या रकान्यात सगळीकडे शून्य असेल तर ‘मेकॅट्रॉनिक्स’ नाव असूनही तो फळ्यावरचाच विषय. मग त्यापेक्षा कॉम्प्युटरच बरा.

जाहिरात_वाचा

बाबांच्या प्रश्नाला कोणी हात घातला नाही, तो मी घेते.

सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांच्या भरतीत पात्रतेच्या रकान्यात पदवीच्या शाखेचं नाव असतं. वेस्टर्न कोलफिल्ड्स, मॉयल, महानिर्मिती, महावितरण, कोणाचीही जुनी जाहिरात काढून वाच. नागपूरकरांना हीच नावं आधी आठवतात म्हणून लिहिली. छाननी करणारा पदवी प्रमाणपत्रावरची मुख्य शाखा पाहतो. तुझी मुख्य शाखा मेकॅनिकलच राहणार, त्यामुळे मायनर घेतल्याने तो दरवाजा बंद होत नाही. मात्र कॉम्प्युटरचं मायनर आहे म्हणून कॉम्प्युटरच्या पदासाठी पात्र झालो, असंही समजू नकोस. जाहिरातीत ‘किंवा समकक्ष’ असलं तरी मायनरला समकक्ष धरतील या भरवशावर वर्षभर तयारी करणं धोक्याचं.

यूपीएससीच्या अभियांत्रिकी सेवा परीक्षेत स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत आणि इलेक्ट्रॉनिक्स-दूरसंचार असे चारच विषय आहेत. कॉम्प्युटर नाहीच. म्हणजे तिथेही मेकॅनिकलच पक्कं लागतं.

शाखा बदलायचा खरा रस्ता गेट, म्हणजे एमटेकच्या प्रवेशासाठीची देशपातळीवरची परीक्षा, आहे. कोणत्याही शाखेच्या मुलाला कोणताही पेपर देता येतो, तिसऱ्या वर्षापासून बसता येतं आणि स्कोअर तीन वर्षं चालतो. दोन पेपरही देता येतात, पण ठरवून दिलेल्या जोड्यांमध्येच. बहुतेक इंजिनिअरिंग पेपरांत १०० पैकी १५ गुण जनरल अॅप्टिट्यूडचे आणि १३ गणिताचे, म्हणजे ७२ गुणच शाखेचे. २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आहे. त्यात प्रोबॅबिलिटी, लिनियर अल्जेब्रा, कॅल्क्युलस यांचा भर मोठा. मेकॅनिकलच्या मुलाला कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरपेक्षा तो जवळचा वाटतो, कारण त्यात कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, कंपायलर नाहीत. एमटेकला कोणत्या शाखेची पदवी चालते हे मात्र प्रत्येक संस्था स्वतः ठरवते. माहितीपुस्तिका काढून तो एक रकाना आधी वाचायचा.

तिसरं_सेम

सगळ्यांचे आभार. ताई, कॅम्पस प्लेसमेंटचं काय? आयटी कंपन्या मायनर पाहतात का? आणि युजीसीने दोन पदव्या एकाच वेळी करायला परवानगी दिलीय म्हणतात, मग दुसरी बीटेकच का करू नये?

जाहिरात_वाचा

मोठ्या संख्येने भरती करणाऱ्या आयटी कंपन्या बहुतेक सगळ्या शाखांना बसू देतात. तिथली चाळणी दहावी-बारावी-पदवीचे टक्के, चालू बॅकलॉग नसणं, आणि मग अॅप्टिट्यूड व कोडिंगची परीक्षा. मायनर असो-नसो, त्या परीक्षेत तुझा कोड चालला तर चालला. मायनर कुठे कामी येतं? मुलाखतीत ‘मेकॅनिकलवाला इकडे कसा?’ हा प्रश्न हमखास येतो, तेव्हा ग्रेडसकट दाखवायला कागद असतो. आणि परदेशात एमएससाठी. तिथल्या कॉम्प्युटर विभागांना डिस्क्रीट मॅथ्स, डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, ऑपरेटिंग सिस्टीम, कॉम्प्युटर आर्किटेक्चर हे पूर्वविषय गुणपत्रिकेवर दिसायला हवे असतात. ‘मायनर’ या शिक्क्यापेक्षा ही पाच नावं महत्त्वाची. मायनरच्या नावाखाली तुला ब्लॉकचेन, आयओटी, एआर-व्हीआर असा चिवडा मिळत असेल तर ही गरज भागत नाही.

एक वेळापत्रकाचं. कंपन्या सातव्या सेमिस्टरच्या सुरुवातीला येतात. म्हणजे बायोडेटावर जे दिसायचं ते सहाव्या सेमिस्टरपर्यंत झालेलं हवं. आठव्या सेमिस्टरपर्यंत समान वाटलेलं मायनर त्या वेळी अर्धवटच असतं.

दोन_डिग्री

युजीसीच्या एप्रिल २०२२ च्या मार्गदर्शक सूचना अशा: दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गातले असतील तर त्यांच्या वेळा एकमेकांवर यायला नकोत, किंवा एक वर्गातला आणि दुसरा दूरस्थ वा ऑनलाइन, किंवा दोन्ही दूरस्थ वा ऑनलाइन. पीएचडी यात नाही.

इंजिनिअरिंगची पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने द्यायला मनाई आहे. म्हणजे दुसरी बीटेक हवी तर ती वर्गातच बसून, आणि दोन बीटेकच्या वेळा जुळणार नाहीत. सकाळी काटोल रोड, दुपारी हिंगणा रोड, मधे बर्डीला मेट्रो बदल, हे कागदावरसुद्धा जमत नाही. प्रॅक्टिकलच्या बॅचेस आणि ७५ टक्के हजेरी आहेच. दुसरी बीटेक विसर.

शक्य आहे ते असं. मद्रास आयआयटीची डेटा सायन्समधली ऑनलाइन बीएस पदवी: एकूण १४२ क्रेडिट. पहिला टप्पा फाउंडेशनचा, ८ कोर्स, ३२ क्रेडिट. मग प्रोग्रामिंग आणि डेटा सायन्स असे दोन डिप्लोमा, प्रत्येकी २७. ११४ क्रेडिटला बीएससी म्हणूनही बाहेर पडता येतं. वर्षात तीन सत्रं, जानेवारी, मे आणि सप्टेंबर. परीक्षा केंद्रावर जाऊन. प्रत्येक कोर्सला आठवड्याला दहाएक तास लागतात, म्हणून बीटेकच्या मुलाने एका सत्रात दोनच्या वर कोर्स घेऊ नयेत. दोनाच्या चालीने फाउंडेशनलाच चार सत्रं, म्हणजे सव्वा-दीड वर्ष. बीटेक संपेपर्यंत पूर्ण पदवी होईल ही आशा ठेवू नये. प्रोग्रामिंगच्या डिप्लोमापर्यंत पोचणं हे वास्तवातलं लक्ष्य.

दुसरा पर्याय इग्नूची बीसीए. इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. स्वस्त आहे, पण सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. आपल्या हिवाळी-उन्हाळी परीक्षा त्याच्याच आगेमागे. एकाच पंधरवड्यात दोन्हीकडचे पेपर पडले तर कोणीही तारीख बदलून देत नाही.

कोणताही रस्ता धरला तरी तुझ्या कॉलेजचा स्वतःचा नियम वाच. युजीसीने मुभा दिली म्हणजे प्रत्येक संस्थेने ती तशीच लागू केली असं नाही. काही ठिकाणी आधी अर्ज द्यावा लागतो.

बुटीबोरी_शिफ्ट

बाप्पा! मेकॅनिकल, वरून मायनर, वरून बीएस, वरून गेट. पोराला जेवायला वेळ ठेवा.

क्रेडिटवाला

तेच म्हणतो. तासांचा हिशेब करू. २२ क्रेडिटच्या सेमिस्टरला प्रॅक्टिकल धरून आठवड्याला २६ ते ३० तास वर्ग. त्यात ४ क्रेडिटचा जादा कोर्स आला, म्हणजे ३ तास लेक्चर, २ तास लॅब, आणि घरचा अभ्यास तेवढाच. आठवड्याला दहा तास वाढले. वर्ग साधारण सकाळी लवकर, पाचनंतर किंवा शनिवारी लावतात, कारण तिथे वेगवेगळ्या शाखांची मुलं एकत्र येतात आणि दुसरी मोकळी वेळ सापडत नाही. हिंगणा रोडला बसने येणाऱ्याने संध्याकाळच्या बॅचला हो म्हणण्याआधी परतीची गाडी पाहून ठेवावी.

मायनर सुटतं ते बहुतेक पाचव्या सेमिस्टरला. मेकॅनिकलचे हीट ट्रान्सफर, मशीन डिझाइन असले जड विषय त्याच सुमारास येतात आणि मायनरचा कोर्सही तोवर पायाभूत राहिलेला नसतो, ऑपरेटिंग सिस्टीम किंवा अल्गोरिदमवर आलेला असतो. म्हणून भार असमान ठेवायचा. चौथ्याला ४ ते ६ क्रेडिट, पाचव्याला ३ च, सहाव्याला ६, उरलेले सातव्याला. आठव्याला काहीच नाही. बहुतेक ठिकाणी शेवटचं सेमिस्टर इंटर्नशिपचं असतं, आणि मूल पुण्याला कंपनीत असताना इथली मायनरची लॅब कोण करणार?

काही कोर्स एनपीटीईएलवरून, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या मंचावरून, करता येतात का ते विचार. बारा आठवड्यांचा कोर्स साधारण ३ क्रेडिटचा. शिकणं फुकट, परीक्षेचे १,००० रुपये. २५ गुण असाइनमेंटचे, ७५ केंद्रावरच्या परीक्षेचे. पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० लागतात. दोन्ही वेगवेगळे. असाइनमेंटमध्ये २५ पैकी २५ आणि परीक्षेत २८, तर बेरीज ५३ होऊनही प्रमाणपत्र नाही. इथे दरवर्षी मुलं अडकतात. दुसरं म्हणजे, कॉलेजच्या मान्य यादीत नसलेला कोर्स केला तर प्रमाणपत्र मिळतं, क्रेडिट मिळत नाही. यादी आधी, नोंदणी नंतर.

तिसरं_सेम

मग मी असा विचार करतोय: एमडीएम इलेक्ट्रॉनिक्स-इन्स्ट्रुमेंटेशनचं, त्याच्या तक्त्यात लॅब दिसतेय. कॉम्प्युटरचं जादा मायनर या शुक्रवारी न घेता चौथ्या सेमला. मधे एक एनपीटीईएल कोर्स करून अंदाज घ्यायचा. चालेल का? आणि एकदा घेतलेलं मायनर सोडलं तर पदवीवर परिणाम होतो का?

जाहिरात_वाचा

चालेल, पण नोंदणी चौथ्याला उघडते की तिसऱ्यालाच बंद होते ते आजच पाहा. काही कॉलेजांत जादा मायनरचा पहिला कोर्स तिसऱ्या सेमिस्टरलाच ठेवलेला असतो आणि नंतर आत शिरता येत नाही. तसं असेल तर आताच घे, सोडायची वेळ आली तर सोड.

मला स्वतःला एमडीएम कॉम्प्युटरचं घ्यावं असं वाटतं, कारण तुझ्या आवडीला गुणपत्रिकेवर जागा मिळते. पण लॅबवाला मुद्दाही खोडता येत नाही. एमएसचा विचार असेल तर माझं ऐक, इथे प्लांटमध्ये राहायचं असेल तर बुटीबोरीवाल्यांचं.

क्रेडिटवाला

सोडण्याबद्दल: साधारण नियम असा की जादा क्रेडिट अपुरे राहिले तर मायनर मिळत नाही, मूळ पदवी तशीच मिळते. पण तीन गोष्टी कॉलेजागणिक बदलतात आणि त्या परीक्षा विभागातच विचारायच्या, सिनियरला नाही. जादा कोर्समधले ग्रेड सीजीपीएत धरतात का? जादा कोर्समध्ये नापास झालं तर तो ‘बॅकलॉग’ म्हणून गुणपत्रिकेवर दिसतो का? हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण कंपनीच्या चाळणीत ‘चालू बॅकलॉग’ असा नुसता रकाना असतो, तो मायनरचा की मेजरचा हे तिथे कोणी विचारत नाही. तिसरं, सोडायची शेवटची तारीख कोणती आणि तोवर भरलेली फी परत मिळते का.

मायनरचं नाव कुठे छापतात तेही पाहून घे. पदवी प्रमाणपत्रावर, की फक्त शेवटच्या गुणपत्रिकेवर? मागच्या बॅचच्या कोणाची प्रत मिळाली तर उत्तम.

आणि दर सेमिस्टरनंतर डिजिलॉकरमधून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे मिळवलेले क्रेडिट जमा होतात ते ऑनलाइन, खातं उघडून मेजर, एमडीएम आणि जादा असे सगळे क्रेडिट चढलेत का ते मोज. नावाचं स्पेलिंग आधार आणि कॉलेजच्या नोंदीत वेगळं असेल तर ते चढतच नाहीत, आणि हे आठव्या सेमिस्टरला लक्षात आलं की दुरुस्तीला वेळ लागतो. तुझं नाव दोन्हीकडे जुळतंय का ते फॉर्म द्यायला जाशील तेव्हाच बघून घे.